डावी कड

११ जून

नव्या ऑर्डरच्या निमित्ताने साहेबांनी प्रत्येक खात्याला एक डायरी वाटली. कामाच्या नोंदी करा म्हणाले. कामाच्या नोंदी मी तपासणीच्या रजिस्टरमध्ये करतेच, म्हणून ही घरी घेऊन आले. इथे बाकीचं लिहीन.

ऑर्डर टर्बाइनच्या चकत्यांची आहे. आजवर आमच्या कारखान्याने ट्रकचे दांडे आणि पंपांचे भाग घडवले. ही चकती निराळी. निकेलच्या मिश्रधातूचा ठोकळा अकराशे अंशांपर्यंत तापवायचा, भट्टीतून काढल्यावर मोजून चाळीस सेकंदांत प्रेसखाली साच्यात घालून दाबायचा. थोडा थंड झाला तर कडेला चिरतो, थोडा जास्त तापला तर आतून बिघडतो. चकती मिनिटाला हजारो फेरे घेणार. केसाएवढी भेग राहिली तर ती कधीतरी फुटणार, आणि फुटली तर टर्बाइनचं पोलादी कवच फोडून बाहेर येणार. तिथे कुणी उभं असलं तर असलं.

आधी नमुन्याच्या सहा चकत्या द्यायच्या. सहापैकी चार तरी पास झाल्या तर तीन वर्षांचं काम. प्रेसवर दादा, भट्टीवर पारा आणि शेवटी तपासणीला मी. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे भाऊ करणार आणि बहीण पास करणार. छान घरगुती मामला आहे." मी म्हटलं, नापासही करू शकते. दादा हसला नाही. पूर्वी हसला असता.

१४ जून

पहिली चकती झाली. मी मुद्दाम बघायला गेले होते.

दादा प्रेसच्या खांबाशी उभा राहिला की मला अजून तसंच वाटतं, सोळाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा प्रेसवर बघितलं तेव्हा वाटलं होतं तसं. आई-बाबा एका वर्षात गेले, तेव्हा मी दहा वर्षांची आणि तो अठ्ठावीसचा होता. त्याने मला शिकवलं, डबे भरून दिले, केस विंचरायला जमत नव्हतं म्हणून शेजारच्या काकूंकडे पाठवलं. पुढे याच कारखान्यात चिकटवलं. त्याच्या हातातला लोखंडी दांडा हलतो आणि चार हजार टनांची प्रेस मांजरासारखी अलगद खाली येते. असा हात दुसऱ्या कुणाचा नाही.

पारा मात्र फार बडबडला. खरं नाव हजेरीपटाशिवाय कुणाला आठवत नाही. भट्टीत नुसतं डोकावून तो तापमान सांगतो आणि मीटर नंतर तेच दाखवतो, म्हणून पारा. ठोकळा भट्टीबाहेर गेला की त्याचं काम संपतं, पण हा दादाच्या डाव्या हाताला येऊन उभा. "डावी कड बघ. डावीकडे जरा थांब. आता सोड." बावीस वर्षं प्रेस चालवणाऱ्या माणसाला शिकवणी. दादा चिडेल असं वाटलं, पण तो मुकाट्याने ऐकत होता.

१७ जून

पहिली चकती पास.

माझी खोली काळोखी असते. चकतीवर चमकणारं द्रव लावायचं, धुवायचं, पांढरी भुकटी फवारायची आणि जांभळ्या दिव्याखाली बघायचं. भेग असली तर त्यात शिरलेलं द्रव हिरवं चमकतं. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला पाच मिनिटं लागतात. मध्येच कुणी दार उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. सगळे उघडतात. साहेबसुद्धा. पारा तेवढा दारावर दोनदा टकटक करून बाहेर थांबतो. आज किती वेळ थांबला होता कोण जाणे. बाहेर आले तर भिंतीला टेकून उभा. "झाली का पास?" म्हणाला. एवढंच विचारायला भट्टी सोडून आला होता. मी म्हटलं, दादाला विचारलं असतंत तरी कळलं असतं. "हो, ते पण खरंच," म्हणाला आणि गेला.

कारखान्यातले सगळे मला ताई म्हणतात, साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत. हा एकटा काहीच म्हणत नाही. विचित्र माणूस आहे.

२१ जून

वहिनींना आवराआवरीचं वेड लागलंय. बैठकीतलं छोटं टेबल माळ्यावर टाकलं, दारातली कुंडी गच्चीत नेली, पायपुसणंसुद्धा काढलं. घर मोठं वाटतं म्हणाल्या. तरी दादाने दाराच्या चौकटीला कोपर आपटून घेतलंच. मी म्हटलं, दार हलवलंय की काय वहिनींनी. कुणी हसलं नाही.

दादाचं माझ्याशी काहीतरी बिनसलंय. काल कारखान्याच्या बोळात मी त्याच्या बाजूने गेले, हात केला, तो सरळ पुढे. हल्ली सगळी मान वळवून बघतो, कोंबड्यासारखा. उष्णतेने डोळे चुरचुरत असणार. फ्रिजच्या दारात त्याच्या थेंबांची बाटली असते.

२६ जून

दुसरी आणि तिसरी पास. साहेबांनी प्रेसच्या लोकांना पेढे म्हणून बिस्किटं वाटली. दादा म्हणाला, "ही ऑर्डर मार्गी लागू दे, मग मी मोकळा." निवृत्तीला दोन वर्षं आहेत, म्हणून म्हणत असेल.

१ जुलै

ऑर्डर देणाऱ्या कंपनीची माणसं पाहणी करून गेली. त्यांच्या सांगण्यावरून प्रेसभोवती पिवळा पट्टा आखला. पट्ट्याच्या आत फक्त प्रेसवाला. भट्टीवाल्याने भट्टीच्या काचेमागे थांबायचं.

पारा साहेबांशी भांडला. मी त्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "मला तिथं उभं राहावंच लागतं," एवढंच पुन्हा पुन्हा. साहेबांनी विचारलं, का? तर गप्प. कारण सांगता येत नाही आणि हट्ट सोडवत नाही. शेवटी दादाच म्हणाला, "जाऊ दे रे. जमेल मला." मला पाराचा रागच आला. आपल्याशिवाय दादाचा हात अडतो असं वाटत असेल त्याला.

७ जुलै

चौथी नापास.

जांभळ्या दिव्याखाली हिरवी रेघ. नखाएवढी, वाकडी. धातू कडेला दुमडला गेला आणि दुमड तशीच आत दाबली गेली. हे प्रेसवर डोळ्यांना दिसतं. दिसलं की प्रेस थांबवतात, घासून काढतात, पुन्हा तापवतात. दादाच्या नजरेतून सुटली कशी कळत नाही. मी तीनदा पुसून बघितलं. तिन्ही वेळा तीच रेघ.

घरी मीच त्याला सांगितलं. "कुठे?" म्हणाला. "डाव्या कडेला." त्याने मान हलवली. मग म्हणाला, "तू लिहिलंस ते बरोबर केलंस." आणि आत जाऊन पडला.

१० जुलै

पाचवीही नापास. तशीच दुमड, तीच बाजू. दोन जागी.

१२ जुलै

चौकशी झाली. साहेबांच्या केबिनमध्ये दादा, पारा आणि मी. भट्टीच्या आलेखात चौथ्या चकतीला सगळं व्यवस्थित. पाचवीला दार उघडल्यावर ठोकळा चार सेकंद उशिरा बाहेर निघालेला. साहेबांनी मला विचारलं, "ठोकळ्याची कड थंड झाली तर असं होऊ शकतं?"

चार सेकंदांनी होत नाही. मला माहीत आहे. पण कधीच होत नाही असं मी शपथेवर सांगू शकत नव्हते, आणि भट्टीचा दोष नसेल तर मग कुणाचा, हा पुढचा प्रश्न समोरच बसला होता. मी म्हटलं, "शक्यता नाकारता येत नाही." साहेब म्हणाले, तसं लिहून द्या. मी लिहून दिलं.

मग पाराला विचारलं. त्याने दादाकडे बघितलं. दादा टेबलाकडे बघत होता. पारा म्हणाला, "उशीर माझ्याकडून झाला. चौथ्या वेळेलाही झाला असेल. चूक माझी."

इतक्या सहज म्हणाला की मला सुटल्यासारखं वाटलं. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

१४ जुलै

पाराला काढलं.

दुपारी मी एका पंपाच्या भागाची तपासणी करत होते. दारावर दोनदा टकटक. मी आतून म्हटलं, "थांबा जरा, पाच मिनिटं." काम संपवून, हात धुऊन बाहेर आले तर बोळ रिकामा. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, आत्ताच गेले, एक पिशवी होती हातात.

पाच मिनिटं म्हटलं होतं. पंधरा लागली.

१६ जुलै

दादा जेवत नाही. मित्र गेला म्हणून असेल. मी म्हटलं, त्याने स्वतःच चूक कबूल केली, तू कशाला मनाला लावून घेतोस? वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग भांडी जरा जास्तच आवाज करत घासायला लागल्या.

दादा उठून गेल्यावर म्हणाल्या, "दिवसभर भेगा शोधतेस. घरी आलीस की डोळे तिकडेच ठेवून येतेस का गं?"

मला वाटलं, पाराच्या बाबतीत बोलतायत. कबूल करते, दोन दिवस मला टकटक ऐकू आल्यासारखी होते. मी दार उघडून बघते. माझेच डोळे बिघडतात आणि पुन्हा पाच मिनिटं थांबावं लागतं.

१९ जुलै

सहावी चकती. नवा भट्टीवाला, सगळं वेळेत. मी परवानगी काढून प्रेसच्या चौथऱ्यावर उभी राहिले.

प्रेस खाली आली. लाल ठोकळा पसरायला लागला. डाव्या कडेला धातूची एक घडी वर आली, कापडाची येते तशी. मला दिसली. काचेमागच्या नव्या माणसाला दिसली, त्याने हात वर केला. यंत्राने ठोकळा धरणारा चालक ओरडला, "थांबवा." प्रेसच्या आवाजात ते दादापर्यंत पोचलं नाही, तो समोर बघत होता. त्याचा हात अगदी स्थिर होता. प्रेस खाली आली आणि घडी आत गेली.

मी पिवळ्या पट्ट्याच्या आत गेले. दादाच्या डाव्या खांद्यापाशी उभी राहिले आणि त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर हात धरला. बोटं हलवली. तो समोरच बघत राहिला. मग माझा श्वास लागला असेल त्याला, दचकून सगळी मान वळवली. "तू कधी आलीस?" म्हणाला.

दरवर्षी माझे डोळे तपासून घेते मी. त्याशिवाय सहीचा अधिकार मिळत नाही. ज्याच्याबरोबर जन्म काढला त्याचे डोळे मला दिसले नाहीत.

घरी येऊन फ्रिजमधली बाटली घेऊन औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काचबिंदूचे थेंब आहेत. रोज घालायचे, खंड पडता कामा नये." चुरचुरण्यासाठी नाहीत का? "नाही हो. याने चुरचुरतंच थोडं."

परत आले तेव्हा दोघं बैठकीत बसले होते. मी बाटली खाली ठेवली.

"किती दिवस?"

"दोन वर्षं होतील," दादा म्हणाला. "समोरचं सगळं दिसतं मला. अगदी स्वच्छ दिसतं. फक्त बाजूचं."

"थेंब रोज घालत होतास?"

वहिनी म्हणाल्या, "पहिलं वर्ष घातलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, कामावर कळवावं लागेल, तर तिकडे परत गेलेच नाहीत. ते चौकटीला धडकायला लागले तेव्हा मला कळलं."

"आणि पाराला?"

"त्याला पहिल्यापासून."

"दादा, तो चूक माझी म्हणाला तेव्हा तू समोर होतास."

"हो."

"तू काहीच बोलला नाहीस."

"मला वाटलं, सहावी नीट झाली की सांगेन." मग म्हणाला, "तूही लिहून दिलंसच की."



२० जुलै

रविवार. वहिनी वर माझ्या खोलीत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा हात हातात घेतला. "दोनच वर्षं राहिलीत. आजारपणाची रजा टाकू, हळूहळू सोडतील काम. लिहू नकोस. त्यांना प्रेसवरून उतरवलं तर ते कुणीच उरणार नाहीत गं."

मी म्हटलं, बघते.

दिवसभर बघितलं. न लिहिण्याची वाट खूप सोपी आहे. सहावीला दुमड आहे एवढंच लिहायचं. नवा भट्टीवालाही थोडा चुकला असेल. शक्यता नाकारता येत नाही. माझ्याच हाताने लिहिलेलं वाक्य, पुन्हा वापरायला तयार. आणि तो नवा माणूसही एक दिवस पिशवी घेऊन फाटकाबाहेर जाईल.

२१ जुलै

लिहिलं. दीड पान. प्रेसचालकाची डावीकडची नजर गेली आहे. तिन्ही चकत्यांतल्या दुमडींचं कारण तेच. भट्टीचा दोष नाही, आणि १२ तारखेला माझ्या सहीने दिलेलं मत चुकीचं होतं, ते देताना मला ते चुकीचं असल्याचं माहीत होतं. खाली सही.

साहेबांनी दोनदा वाचलं. "ताई, शेवटचं वाक्य काढलंत तरी चालेल." मी म्हटलं, राहू द्या. माझा सहीचा अधिकार सहा महिन्यांसाठी काढला आहे. ते ठीकच झालं.

दादाला अकरा वाजता बोलावलं. प्रेसवरून उतरताना त्याने पायऱ्या पायाने चाचपल्या. मी बोळाच्या टोकाशी होते. आता मला ते अगदी लख्ख दिसत होतं. मी पुढे झाले नाही. त्याला चाललं नसतं.

२४ जुलै

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. दादा माझ्याबरोबर आला, पण माझ्याशी बोलत नाही. डॉक्टर बाईंनी कागदावर त्याच्या नजरेचा नकाशा काढून दाखवला. काळ्या चौकोनांच्या मधोमध एक पांढरं भोक. म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवू. दोन वर्षांपूर्वी नियमित थेंब घातले असते, तर निम्म्याहून जास्त वाचली असती."

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "मला निदान आधी सांगायचंस. मी बघते म्हणालीस, मला वाटलं नाही लिहिणार."

२७ जुलै

पाराच्या खोलीवर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच. कारखान्यामागच्या गल्लीत, दुसरा मजला, शिंप्याच्या दुकानावर. कुलूप. शिंपी म्हणाला, खोली सोडली, दहा दिवस झाले. कुठे गेले ते सांगितलं नाही. "तुम्ही तपासणीवाल्या का? ओळखलं मी," म्हणाला. कसं ओळखलं, विचारलं नाही.

साहेब त्याला परत घ्यायला तयार आहेत. पत्र तयार आहे, पत्ता नाही.

६ ऑगस्ट

पाराचा नंबर मिळाला. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर लागलाय, इथून एका दिवसाचा प्रवास. दुपारच्या सुट्टीत फोन केला.

मी सगळं सांगितलं. पत्राचं, चौकशीचं, माझ्या वाक्याचं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"दादाला किती दिसतं आता?"

"समोरचं. थोडंसं."

"ऐकत असेल तर उजव्या बाजूने चाला त्याच्या. त्या बाजूला जरा बरं आहे."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? दोन वर्षं माहीत होतं तुम्हाला."

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं."

"हो."

"म्हणून." मागून भट्टीचा आवाज येत होता. "आणि तुम्ही लिहिलं नसतं, तर मला ते आवडलं नसतं."

मी म्हटलं, परत या. कारखान्याला गरज आहे. तो म्हणाला, "कारखान्याला मिळतील भट्टीवाले. मी इथे शब्द दिलाय." मग वाट बघितल्यासारखा गप्प राहिला. मला वाटलं, त्याला अजून काही विचारायचं असेल, म्हणून मीही गप्प राहिले. मग घंटा झाली आणि त्याने फोन ठेवला.

९ ऑगस्ट

आज दादा बोलला.

वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी त्याचं पान वाढत होते. तो म्हणाला, "तुझा त्याच्याशी फोन झाला म्हणे. येतोय?"

"नाही."

"तू काय म्हणालीस?"

"कारखान्याला गरज आहे म्हटलं."

"कारखान्याला," दादा म्हणाला. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, प्रेस बंद असताना बसतो तसा. "तीन वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला होता. तुझ्याबद्दल विचारायला. मी म्हटलं, माझी बहीण आहे, मी बोलेन तिच्याशी. तू एवढ्यात काही बोलू नकोस."

मी वाढायची थांबले.

"मग माझे डोळे गेले. तेव्हा म्हटलं, ही अडचण निभावू दे, मग बोलतो. मग ऑर्डर आली. म्हटलं, ऑर्डर होऊ दे. तो थांबला. काढलं त्या दिवशी म्हणाला, आता तरी मीच जाऊन विचारू का? मी म्हटलं, विचार. तो आला होता का तुझ्याकडे?"

"आला होता."

"मग?"

"मी थांबा म्हटलं."

दादा रडायला लागला. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं, आई-बाबा गेले तेव्हाही नाही. माझ्या हातात पळी होती. माफ कर म्हणत होता, आणि मला दिसत होतं की मी नेमकी कुठे उभी आहे ते त्याला कळत नाहीये, तो रिकाम्या खुर्चीशी बोलत होता.

मला त्याला खूप लागेल असं काहीतरी बोलायचं होतं. शब्द तोंडात होते. ते बोलले नाही. माफही केलं नाही. जेवण गार होत होतं, म्हणून उरलेलं वाढलं, पाणी ठेवलं, आणि ती खुर्ची ओढून त्याच्या बरोबर समोर बसले. म्हणजे मी त्याला दिसेन.